पाणवाटेवरचं जोतं

मी नोकरीला लागलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि माझं कधी चुकत नसे. निदान माझी तशी खात्री होती, आणि ती मी कुणापासून लपवूनही ठेवत नव्हतो. नगरला डिप्लोमा केला, ओव्हरसियरची जागा मिळाली आणि पाथर्डी तालुक्यात नेमणूक झाली. तिसगावात एक खोली घेतली. तिथून सायकलवर तासाभराच्या अंतरावर एक गाव होतं. त्या गावाची नवी वसाहत आखायचं काम माझ्याकडे आलं. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या माणसांनी मला एवढं सांभाळून घेतलं, की त्यांना आता पुन्हा त्रास द्यायला नको.

जुन्या गावठाणात घराला घर खेटलेलं होतं. म्हणून चावडीच्या मागच्या मोकळ्या रानात प्लॉट पाडून द्यायचे ठरले. त्यासाठी कचेरीतून चार पानांची नियमावली आली होती. सायक्लोस्टाइल केलेली, शाई जागोजाग फुटलेली, पण मला ती तोंडपाठ होती. पावसाचं पाणी आपसूक ज्या वाटेनं वाहतं, त्या वाटेवर वीस फुटांची पट्टी मोकळी सोडायची. तिला पाणवाट म्हणायचं. पाणवाटेवर जोतं उचलायचं नाही, गोठा घालायचा नाही, उकिरडा तर नाहीच नाही. घराच्या पन्हळीचं पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर न सोडता आपल्याच जागेत दगडगोट्यांनी भरलेल्या खड्ड्यात जिरवायचं. उरलेलं पाणी पाणवाटेतल्या दगडी गटारातून खाली न्यायचं, गाळखड्ड्यात थांबवायचं आणि गाळ बसला की मग ओढ्याला सोडायचं.

हे सगळं उगाच नव्हतं. गावाचा पिण्याच्या पाण्याचा आड उतारावर होता. पूर्वी एका पावसाळ्यात उकिरड्यांवरून आलेलं पाणी त्या आडात उतरलं होतं आणि घरोघर जुलाब-उलट्या लागल्या होत्या. म्हातारी माणसं ते वर्ष अजून विसरली नव्हती. तेव्हा नियम चांगले होते, हे मी आजही म्हणतो.

अडचण एवढीच होती की पाऊसच नव्हता. बहात्तरचा दुष्काळ चालू होता. निम्मं गाव खडी फोडायला जायचं, टँकर आला की उरलेलं निम्मं त्याच्यामागे पळायचं. आणि मी हातात दोरी आणि चुन्याची पाटी घेऊन पाण्यासाठी रस्ता आखत फिरायचो. पारावरची माणसं माझी मनसोक्त टिंगल करायची.

"प्यायला पानी न्हाई, अन् सायब पान्याला हमरस्ता सोडत्यात!"

"सोडू दे की. पानी परगावी गेलंय, येताना वाट चुकायला नको."

मला राग यायचा. मी सायकल न थांबवता पुढे जायचो.

रानाच्या मधून एक गल्ली आखलेली होती. तिच्या पश्चिमेकडचा भाग माझ्या आधीच्या ओव्हरसियरनं मोजून नकाशावर उतरवला होता. मग त्याची बदली झाली. पूर्वेचा भाग मोजून त्याला जोडायचा आणि पाणी कुठून कुठे जाईल ते ठरवायचं, हे काम माझं. अशी मोजणी एका ठरलेल्या दगडापासून करतात. दगडाची उंची आधीच नोंदलेली असते, आणि जमीन त्याच्यापेक्षा कुठे किती वर आहे, कुठे किती खाली आहे, ते दुर्बिणीच्या यंत्रातून पाहत जायचं. आधीच्या माणसाच्या वहीत लिहिलं होतं: चावडीमागे लिंबाखाली दगड, जमिनीपासून वीतभर वर, त्यावर टाकीनं कोरलेली एक आडवी रेघ आणि रेघेखाली बाण.

दगड मला लगेच सापडला, कारण त्याला शेंदूर फासलेला होता. पुढे नारळाच्या करवंट्या पडल्या होत्या आणि भोवती चांगला घडीव चिऱ्यांचा ओटा बांधलेला होता. आमच्या खात्याची रेघ आणि बाण लोकांना त्रिशूळ वाटला होता. दुष्काळात माणूस कुठे ना कुठे हात जोडणारच. मला हसू आलं. आमच्या खात्यानं नकळत एक देव घडवला होता, त्याची मला गंमत वाटली. माझ्याबरोबरचा शिपाई मात्र हसला नाही. त्यानं मला वहाणा काढायला लावल्या, देवाला नमस्कार केला आणि मगच दगडावर मोजपट्टी उभी धरली.

दगड ओट्यातून वीतभर वर आलेला होता, वहीत लिहिल्याप्रमाणे. भोवती नुसता ओटा घातला असणार, असं मी धरून चाललो. नियमाप्रमाणे चावडीच्या पायरीवरच्या दुसऱ्या खुणेशी हा दगड ताडून पाहायला हवा होता. तेवढ्यासाठी यंत्र उचलून पलीकडे नव्यानं मांडायला लागलं असतं. भर मे महिना, डोक्यावर ऊन, जिवावर आलं. मी वहीत "तपासले" असं लिहिलं आणि पुढे गेलो.

दोन्ही भाग नकाशावर जोडल्यावर पाणी कुठे जाणार ते स्पष्ट दिसलं. माळावरून येणारं पाणी गल्लीत उतरणार आणि पूर्वेला वळणार. वळणाच्या तोंडाशीच एक प्लॉट होता. त्या प्लॉटवर तीन थर जोतं आधीच उभं राहिलं होतं.

ते जोतं गवंड्याचं होतं. मुसलमान गृहस्थ, पन्नाशीचे, गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं आणि मीही तेच म्हणायचो. गावातल्या बहुतेक घरांची माळवदं त्यांच्या हातची होती. माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर. त्याला ढाळ बरोबर पडला नाही तर पाणी साचतं आणि पांढरी माती कितीही थापली तरी घर गळतं. मिस्त्रींचं एकही माळवद गळत नाही, असं लोक सांगायचे. ते ढाळ पाहायचे तो पितळेच्या लोट्यानं. काम झालं की एका कोपऱ्यात उभं राहून लोटाभर पाणी ओतायचं आणि ते पन्हळीपर्यंत कसं जातं ते बघत बसायचं. एवढी घरं बांधली, पण स्वतः मात्र बायकोसह एका शेतकऱ्याच्या पडक्या गोठ्याला आडोसा करून राहत होते. नव्या वसाहतीत त्यांना पहिल्यांदाच स्वतःची जागा मिळाली होती. दिवसभर खडीच्या कामावर जायचे आणि संध्याकाळी येऊन स्वतःच्या जोत्याचे दोन-दोन चिरे बसवायचे.

मी त्यांना नोटीस दिली. पाणवाटेवर आलेलं बांधकाम आठ दिवसांत काढून घ्यावं. बदली जागा वसाहतीच्या शेवटच्या टोकाला.

सरपंच म्हणाले, "सायब, एवढं एक चालवून घ्या. गरीब मानूस हाय."

"आज एक चालवलं की उद्या सगळी वसाहत पाणवाटेवर येईल," मी म्हणालो. मी कुणाचं ऐकत नाही याचा मला तेव्हा फार अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी मला जोत्यापाशी बोलावलं. त्यांच्या हातात लोटा होता. तोंडापर्यंत भरलेला. मागे त्यांची बायको उभी होती. तिला सगळे भाभी म्हणायचे.

"सायब, पानी इकडं येत न्हाई," मिस्त्री म्हणाले. "गल्लीकडनं इथं जमीन चढती हाय. डोळ्याला दिसत न्हाई, पन पान्याला कळतं. तुमी बगा."

आणि त्यांनी लोटा ओतला.

पाणी कुठेच गेलं नाही. जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या होत्या. पाणी पडलं तिथेच जिरून गेलं, नुसता ओला डाग उरला. मिस्त्री वाकून त्या डागाकडे बघत राहिले.

"जमीन तहानलेली हाय, म्हून," ते म्हणाले. "आनखी एक लोटा..."

ते वळले तसा भाभीनं त्यांचा हात धरला. "पुरे करा. घागरीत तळाला राहिलंय. सांच्याला काय पिनार?"

मी काय करावं? मी त्यांना झापलं. टँकरच्या पाण्यावर गाव जगतंय, आणि तुम्ही पिण्याचं पाणी मातीत घालताय, असं म्हणालो. वर आणखी यंत्राचं कौतुक सांगितलं. तुमचा लोटा अंगणापुरता, माझ्या दुर्बिणीला अख्ख्या रानाचा ढाळ दिसतो, असं काहीतरी. रिकामा लोटा मिस्त्रींनी धोतराच्या सोग्यानं पुसला आणि बायकोच्या हातात दिला.

जोतं त्यांनी स्वतःच काढलं. पहारीनं एकेक चिरा सैल करून, एकही न फोडता. सगळे चिरे कडेला रचून ठेवले आणि पुन्हा गोठ्याच्या आडोशाला राहायला गेले. टोकाची जागा खडकाळ होती, तिथे पाया खणायला त्यांना जमलं नाही.

पाणवाटेतलं गटार बांधायचं ठरलं तेव्हा गवंडी दुसरा कोण होता? मी खुंट्या ठोकून द्यायचो आणि मिस्त्री त्या खुंट्यांबरहुकूम दगड बसवायचे. असं गटार मी पुढे कुठे पाहिलं नाही. सांध्यात सुरीचं पातं जायचं नाही. मी त्यांना म्हणालो, "आता पटलं ना, मिस्त्री?" ते म्हणाले, "तुमी शिकलेले, सायब."

त्यानंतर एक नवीच गोष्ट सुरू झाली. गावात कुणाचं माळवद दुरुस्तीला काढलं की मिस्त्री मला निरोप पाठवायचे. साहेब, यंत्र घेऊन या, ढाळ किती देऊ ते सांगा. पहिल्यांदा मला नवल वाटलं. मग बरं वाटायला लागलं. मी शिडीनं वर चढून ढाळ सांगायचो आणि मिस्त्री मान डोलवायचे. कचेरीत मी ही गोष्ट सगळ्यांना ऐकवली. खेड्यातला अडाणी गवंडी, पण आता यंत्राशिवाय थापीला हात लावत नाही! साहेबांनीही माझी पाठ थोपटली.

पुढच्या वर्षी पावसानं बरा हात दिला. सुरुवातीच्या सरी बारीक होत्या, मातीत जिरत गेल्या, गटाराची परीक्षा काही झाली नाही. ती हस्तात झाली. एके दिवशी दुपारी असा पाऊस पडला की तिसगावच्या बाजारातली पालं वाहून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल चिखलातून ढकलत गावात पोचलो. खरं सांगतो, मी आनंदात होतो. माझं गटार वाहताना मला बघायचं होतं.

गटार कोरडं होतं. पावसाचे थेंब पडून दगड ओले झाले होते, तेवढंच. तोंडापाशी एक काडीसुद्धा वाहून आलेली नव्हती. गल्लीतून आलेलं सगळं पाणी पश्चिमेला वळलं होतं, जिथे मी पट्टी सोडली नव्हती आणि गोठे-उकिरडे घालायला मोकळीक दिली होती. तिथलं शेण घेऊन ते थेट आडात गेलं होतं. आडात बघितलं तर पाणी काळपट, वर गवताच्या काड्या आणि फेस. बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. पारावरची माणसं हसली.

"सायब, पान्याला तुमचा रस्ता पसंत न्हाई पडला जनू!"

सरपंचांनी शहाणपणा करून आधीच दवंडी दिली होती, की आडाचं पाणी कुणी तोंडाला लावायचं नाही. मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणायला लागलं, पण कुणी आजारी पडलं नाही. ही त्यांची कृपा, माझी नव्हे.

मी यंत्र काढलं. वर्षापूर्वी जे करायला हवं होतं ते आत्ता केलं, चावडीच्या पायरीशी दगड ताडून पाहिला. दगड हातभर वर गेलेला होता; वहीतली वीत जमिनीपासूनची होती, मी पाहिलेली ओट्यापासूनची. दोनदा पाहिलं, तीनदा पाहिलं. दगड हातभर वर, आणि त्याची उंची मी वहीतली जुनीच धरलेली, म्हणून माझ्या कागदावर पूर्वेचं सगळं रान हातभर खाली गेलं होतं; पश्चिमेचं दगड हलण्याआधी मोजलेलं, ते बरोबरच होतं. पाणी कागदावर पूर्वेला गेलं आणि जमिनीवर पश्चिमेला.

"हा देव कुणी उचलला?" मी सरपंचांना विचारलं. माझा आवाज चढला असावा.

"उचलला म्हंजी?" सरपंच म्हणाले. "देवाला काय भुईवर ठिवायचं? कुत्रीबी पाय वर करायची. चौघा गड्यांनी उपटला, अन् खाली चिरे घालून मिस्त्रीनं परत बसवला. झ्याक ओटा केला का न्हाई? अन् एक पैसा घेतला न्हाई. म्हनला, गावाचं काम हाय."

मी लिंबाखाली बसलो. आणि मला, सांगायला लाज वाटते, पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. दोष दुसऱ्याच्या हातचा निघाला! तोही त्याच माणसाच्या, ज्याचं घर मी मोडायला लावलं होतं. त्यानंच दगड वर घेतला आणि त्याचंच जोतं गेलं. मी ताडकन उठलो. मिस्त्रींना हे सांगायचंच, असं ठरवून निघालो.

ते गोठ्यापाशी थापी धूत बसले होते. मला बघून उठले, बाजेवर बसायला सांगितलं. आदल्या दिवसाच्या पावसाबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही. सगळं गाव हसत होतं, आणि ज्याला हसायचा हक्क होता तो माणूस गप्प होता.

"मिस्त्री," मी म्हणालो, "पाणी तुम्ही म्हणाला होता तिकडंच गेलं."

"व्हय," ते म्हणाले. "बगितलं मी."

मग त्यांनी विचारलं, "मग सायब, लोटा खोटा न्हवता?"

मला प्रश्न नीट कळला नाही. "म्हणजे?"

"तुमच्या यंत्रात पानी इकडं, अन् माज्या लोट्यात तिकडं. यंत्राला खोटं कसं म्हनायचं? मला वाटलं, माजंच काय तरी बिघडलं. नजर गेली असंल, न्हाईतर हात. तवापासनं लोट्यानं ढाळ बगितलाच न्हाई मी. माळवद गळलं तर लोकाचं घर जायचं. म्हून तुमाला बोलवीत हुतो."

एवढे दिवस मी शिडीवरून वर चढत होतो, ढाळ सांगत होतो, कचेरीत शेखी मिरवत होतो. हा माणूस मात्र तेवढे दिवस स्वतःच्या हाताला भीत होता. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि नंतरही नाही.

"चुकलं कुठं, सायब?" त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. कारागीर माणूस, त्याला समजून घ्यायचं होतं.

दगडाचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांना ते सांगितलं असतं, तर लोट्यावरचा संशय काढून त्यांनी तो स्वतःच्या थापीवर नेऊन ठेवला असता. शिवाय वहीत "तपासले" हा शब्द माझ्या अक्षरात होता, त्यांच्या नव्हे.

"माझ्याकडून," मी म्हणालो. "एक गोष्ट तपासायची होती. उन्हाचा कंटाळा केला आणि तपासली म्हणून लिहून टाकलं. तुमचा लोटा बरोबर होता."

मिस्त्रींनी भाभीला हाक मारली. "लोटा आन गं. भरून."

आम्ही तिघं मोडलेल्या जोत्याच्या जागेवर गेलो. जमीन ओलीगच्च होती, भेगा मिटल्या होत्या. मिस्त्रींनी लोटा तिरका केला. पाणी क्षणभर जागीच थांबलं, मग एक बारीक धार पश्चिमेला सुटली. मिस्त्री तिच्या बाजूनं, तिच्याच चालीनं, वाकून चालत गेले, गल्लीपर्यंत. तिथे उभे राहून त्यांनी मागे वळून पाहिलं. भाभीनं काही न विचारता लोटा उचलला, शेजारच्या डबक्यात बुडवून पुन्हा भरला आणि त्यांच्या हातात दिला.

पाणवाट पश्चिमेला न्यायची म्हणून मी कचेरीला लिहिलं. दगड हललेला आढळला, खात्री न केल्याची चूक माझी, एवढंच त्यात होतं. मला ठपका मिळाला, तो रास्तच होता. मिस्त्रींना जागा परत मिळाली आणि रचून ठेवलेले चिरे त्यांनी पुन्हा त्याच क्रमानं बसवले. गटार तेवढं तसंच राहिलं, कारण सरकारी काम मोडता येत नाही. ते त्यांच्या अंगणातून गेलं. भाभी त्यात मिरच्या वाळत घालायची.

मी त्या तालुक्यात आणखी दोन वर्षं होतो. गावात माळवदं निघत होती, नव्यानं होत होती. मिस्त्री भेटले की चहा व्हायचा. पण ढाळ बघायला त्यांनी मला पुन्हा कधी बोलावलं नाही.